गणपतराव देशमुख: सांगोल्याची अकरा वेळची आमदारकी नेमकी कशावर उभी होती?

माणकाठ

गणपतरावांचा, म्हणजे आबासाहेबांचा विषय निघाला की चर्चा एसटीतला प्रवास, साधं घर आणि पांढरा सदरा एवढ्यावर येऊन थांबते. ते सगळं खरंच आहे. पण त्यामागे पन्नास वर्षांचं जे काम होतं त्याची उजळणी कुठे होत नाही, म्हणून हा धागा काढतोय. निवडणुकांचा हिशेब, पक्षाची बांधणी, रोजगार हमी, पाणी, सूतगिरणी, विधानसभेतली आयुधं, ज्याला जे पक्कं ठाऊक आहे त्यानं ते लिहावं. किस्से आणि आठवणी इतरत्र भरपूर आहेत, इथे नकोत.

सुरुवात मी करतो. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, म्हणजे सांगोल्यात ते बाहेरून आलेले. पेशानं वकील. शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) १९६२ ला पहिल्यांदा आमदार. मग १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. पराभव दोनच, १९७२ आणि १९९५. पक्ष एकच आणि मतदारसंघही एकच. २०१९ ला उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात निधन झालं, तेव्हा वय ९४.

बेरीज_वजाबाकी

दर वर्षी ३० जुलैला चुकीचे आकडे फिरतात, म्हणून आधी दोन दुरुस्त्या.

पहिली, “५५ वर्षं आमदार”. हा ११ गुणिले ५ असा गुणाकार आहे आणि तो लागू पडत नाही. १९७४ ची मुदत पोटनिवडणुकीची होती, चारेक वर्षांची. १९७८ ला आलेली विधानसभा फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाली, म्हणजे ती मुदत दोनच वर्षांची. सरळ हिशेब असा: १९६२ ते १९७२ दहा वर्षं, १९७४ ते १९९५ एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. एकूण साधारण ५१. आकडा एवढा मोठा असताना तो फुगवायची गरज काय?

दुसरी, “देशातला विक्रम”. महाराष्ट्रात ११ विजय हा उच्चांक आहेच. देशात मात्र एम. करुणानिधी १३ वेळा निवडून आले, तेही एकदाही न हरता, पण मतदारसंघ बदलत. केरळचे के. एम. मणी तर एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. त्यातली १९६५ ची विधानसभा कधी अस्तित्वातच आली नाही, तरी विजय म्हणून ती मोजली जाते. एकाच जागेवरून सर्वाधिक विजय म्हणायचं असेल तर मणींचं नाव आधी घ्यावं लागेल.

खटपट्या

एक प्रश्न. तालुक्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे आणि आबा त्याच समाजाचे. मग या सगळ्याचं साधं उत्तर तेच नाही का?

लालबावटा

तो एक भाग आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण समाजाचं संख्याबळ १९७२ ला होतं आणि १९९५ लाही होतं, तरी त्या दोन्ही निवडणुका गेल्या. शिवाय तेवढ्यावर पुण्या-सोलापुरातल्या इतर मतदारसंघांत शेकाप टिकायला हवा होता, तो टिकला नाही. म्हणून बांधणीकडे बघायला हवं.

शेकाप १९४७-४८ च्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढला. शंकरराव मोरे, केशवराव जेधे ही त्यातली मोठी नावं. १९५० चा दाभाडी प्रबंध हा त्याचा वैचारिक पाया. १९६२ ते १९७८ या सगळ्या काळात विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद शेकापकडे होतं: आधी कृष्णराव धुळप, मग दि. बा. पाटील आणि १९७७-७८ मध्ये स्वतः गणपतराव. नंतर पक्ष आकसत गेला आणि रायगड, कंधारचा पट्टा, सांगोला अशी बेटं उरली. केशवराव धोंडगे कंधारला, दत्ता पाटील अलिबागला, आबा सांगोल्याला. राज्यभर पक्ष नसताना एका तालुक्यात तो टिकवायचा तर सगळा भार गावच्या शाखेवर येतो.

सांगोल्याची वस्ती विखुरलेली आहे. गावठाणात थोडी घरं, बाकी सगळे मळ्यांत आणि वाड्यावस्त्यांवर. इथे चौकातल्या सभेनं मतं हलत नाहीत. गावचा चिटणीस आणि वस्तीगणिक एक माणूस, अशी साखळी लागते. खरं काम मतदार यादीच्या वाचनाचं. यादी घेऊन नाव नाव वाचायचं. मयत कोण, लग्न होऊन गेली कोण, अठरा पूर्ण झालेला कोण. नवीन नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी नमुना ७. पुरवणी यादी वेगळी येते आणि ती मूळ यादीला जोडून वाचली नाही तर मतदानाच्या दिवशी घोळ होतो. नाव असतं, पण अनुक्रमांक सापडत नाही आणि म्हातारं माणूस केंद्रावरून परत जातं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. १९८० चा अपवाद सोडला तर १९९५ पर्यंतच्या सार्वत्रिक निवडणुका फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्या. तो ऊसतोडीचा हंगाम. दुष्काळी तालुक्यातली जोडपी तेव्हा कारखान्यांच्या फडात असतात. १९९९ पासून २०१९ पर्यंतच्या निवडणुका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आल्या, म्हणजे टोळ्या बाहेर पडायच्या आधी. कोरडवाहू शेतकरी आणि मजूर हाच ज्याचा मतदार, त्या पक्षाला हा फरक जाणवणारच. १९९५ चा पराभव त्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, पण फरक किती मतांचा होता ते आठवा.

बेरीज_वजाबाकी

१९२ मतांचा. विजयी उमेदवार शहाजीबापू पाटील, तेव्हा काँग्रेसचे.

तेव्हा मतपत्रिका होत्या, हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवं. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला, शिक्क्याऐवजी अंगठा उमटला किंवा पत्रिका कोरी राहिली, तर मत बाद. मोजणीच्या टेबलावर उमेदवाराचा प्रतिनिधी नुसता बसून चालत नाही. बाद ठरणारी प्रत्येक पत्रिका त्यानं पाहायची असते आणि हरकत असेल तर तिथल्या तिथे घ्यायची असते, कारण गठ्ठा बांधून पुढच्या टेबलावर गेला की ती संधी गेली. फेरमोजणी १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या नियम ६३ खाली मागता येते. निर्णय अधिकाऱ्यानं आकडे जाहीर केले की लगेच, लेखी आणि कारणांसह मागायची. निकाल जाहीर होऊन सह्या झाल्या की उरते फक्त उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका, आणि तिला मुदत ४५ दिवस.

नमुना_चार

रोजगार हमीबद्दल लिहितो. सांगोल्यासारख्या तालुक्यात आमदाराची खरी कसोटी तिथेच लागते.

योजनेचे जनक वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. १९६५ ला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग झाला आणि १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली. खर्चासाठी १९७५ ला व्यवसाय कर आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातल्या कामावर. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तेव्हा शरद पवारांच्या पुलोद आघाडीचं सरकार होतं आणि गणपतराव त्या मंत्रिमंडळात होते.

कागदावर योजना सोपी होती. मजुरानं नमुना ४ भरून काम मागायचं, १५ दिवसांत काम द्यायचं, न दिल्यास बेकारी भत्ता. नवं काम काढायला किमान ५० मजूर लागत. मजुरी हजेरीवर नव्हे, कामाच्या मोजमापावर. किती घनमीटर माती निघाली, मुरूम की कठीण मुरूम, किती उचलली आणि किती लांब टाकली, यावर दर.

अडतं ते तीन ठिकाणी. पहिलं, अर्जाची तारीख घातलेली पोच देत नाहीत. पोच नाही तर १५ दिवस मोजायचे कधीपासून? भत्त्याचा हक्क तिथेच संपतो. दुसरं, मागणारे ४० असतात. मग शेजारच्या दोन वस्त्यांची मागणी एकत्र करून ५० भरावे लागतात, आणि हे काम अधिकारी करत नाहीत, कार्यकर्त्यानं करायचं असतं. तिसरं मोजमाप. कनिष्ठ अभियंता वेळेवर आला नाही, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली नाही, की मस्टर (हजेरीपट) पूर्ण असूनही पगार लटकतो. मध्ये पाऊस झाला तर चराच्या कडा ढासळतात आणि खोदलेली माती कमी भरते. मजूर म्हणतो राबलो, पुस्तिका म्हणते काम कमी. सांगोल्यात शेकापच्या शाखा या तीन अडचणींभोवती बांधल्या गेल्या. मतदाराला पक्षाचा जाहीरनामा नाही आठवणार, पण पोच कुणी मिळवून दिली हे आठवतं.

१९९० ला फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. सांगोल्याचं रूप त्यानं पालटलं. आधी बोर, मग डाळिंब. जात आधी गणेश आणि पुढे भगवा. शिफारशीप्रमाणे अंतर साडेचार बाय तीन मीटर, हेक्टरी ७४० झाडं. हलक्या मुरमाड रानात, थेंबावर बाग उभी राहू शकते हे इथल्या शेतकऱ्यानं दाखवून दिलं.

टीएमसी

आणि त्या थेंबासाठीच पुढची लढाई. जरा विस्तारानं लिहितो.

तालुक्याचा पाऊस वर्षाला जेमतेम ४५० ते ५०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी. नीरा उजव्या कालव्याचं पाणी काही भागाला मिळतं, पण सांगोला त्या कालव्याच्या शेपटाला. वरून फलटण, माळशिरस, पंढरपूर भिजल्यावर जे उरेल ते इथे. बाकी भागाला कृष्णेचं पाणी उचलून आणल्याशिवाय पर्याय नव्हता.

१९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव, भारत पाटणकर आणि १३ दुष्काळी तालुक्यांतली माणसं. मागणी फक्त “पाणी द्या” एवढी नव्हती. समन्यायी वाटप हवं, घरटी पाणी हवं, आणि वरच्या भागाला उसासाठी हवं तेवढं सोडून खाली थेंब, असं नको.

कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. त्याआधी पाणी अडवलं नाही तर हक्क कमकुवत होणार, या धास्तीनं १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं. टेंभू योजनेची मंजुरी त्याच काळातली. कराडजवळ टेंभूला कृष्णेवर बॅरेज, तिथून टप्प्याटप्प्यानं उपसा आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी असं करत पाणी सांगोल्यात. मूळ आराखड्यात २२ टीएमसी पाणी, ८०,४७२ हेक्टर क्षेत्र.

भागाकार करून बघा. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. बावीसचे झाले सुमारे ६२ कोटी ३० लाख. हेक्टरी येतात साधारण ७,७०० घनमीटर, आणि त्यातून गळती व बाष्पीभवन वजा. एवढ्यात ठिबकवरचं डाळिंब आरामात बसतं, पाटपाण्याचा ऊस अजिबात बसत नाही. वर कुणी ऊस लावला की शेपटाकडचं पाणी गेलंच. समन्यायी वाटपाची मागणी या आकड्यांतून आलेली आहे.

योजना पूर्ण झाली तरी पाणी का येत नाही, याचं मुख्य कारण वीजबिल. उपसा योजनेत मोटारी थांबल्या की सगळं थांबतं. आता बिलाचा ८१ टक्के भार सरकारवर आणि १९ टक्के लाभधारकांवर असतो. तरी वसुलीचा पेच राहतोच. ऊसवाल्याची पाणीपट्टी कारखाना बिलातून कापून भरतो. डाळिंबवाला माल व्यापाऱ्याला नाहीतर बाजारात विकतो, तिथे कापणार कोण? गावोगाव पावत्या फाडाव्या लागतात. ठरावीक रक्कम जमली नाही तर आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी लांबते, आणि बहार धरलेल्या बागेला पंधरा दिवसांचा उशीर झाला तर फुलगळ ठरलेली.

दुसरं कारण वितरिका. मुख्य कालवा होतो, पोटचाऱ्यांची जमीन संपादन होता होता वर्षं जातात. त्यावर बंदिस्त नळवितरण हा तोडगा. नळ जमिनीखालून जातो, वर शेत कसता येतं, संपादनाचा खर्च वाचतो, बाष्पीभवन नाही. गाळानं चोंदू नये म्हणून ठरावीक अंतरावर धुवून काढायचे व्हॉल्व्ह मात्र लागतात. ते कामाच्या अंदाजपत्रकात आहेत का, हे आधी बघून घ्यावं.

चाती_चरखा

सूतगिरणीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी आबांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. राज्यात सहकारी गिरण्या धडाधड बंद पडत असताना ती चालू राहिली, याचं महत्त्व या धंद्यातल्या माणसाला कळेल.

भांडवलाचा साचा ५:४५:५० असा असायचा, म्हणजे सभासद ५ टक्के, सरकार ४५ आणि कर्ज ५०. सभासदाचे पैसे थोडे गुंतलेले असल्यानं संचालक मंडळाला जाब विचारणारं कुणी उरत नाही, हा या साच्याचा मूळ दोष. दुसरं दुखणं खेळत्या भांडवलाचं. कापूस हंगामात, दोन-तीन महिन्यांत घेऊन ठेवावा लागतो आणि सूत वर्षभर विकलं जातं. हंगामात हात आखडला तर उन्हाळ्यात चढ्या भावानं गाठी घ्याव्या लागतात, आणि तिथेच तोटा होतो. २५,२०० चात्यांची (सूत कातणाऱ्या स्पिंडलची) गिरणी अर्धी चालवली तरी वीज, पगार आणि व्याज जवळपास तेवढंच. म्हणून खरेदी समितीत कोण बसतं, पगारपत्रकावर किती नावं आहेत आणि गाठींची प्रत कोण तपासतं, या तीन गोष्टींवर गिरणीचं आयुष्य ठरतं. बंद पडलेल्या गिरण्यांत नोकरभरती गरजेपेक्षा जास्त झालेली दिसते, कारण ती निवडणुकीच्या तोंडावर झालेली असते.

खटपट्या

आणि विधानसभेत? आमदार एकटा किंवा दोघेचौघे असले तर वेळ तरी मिळतो का?

सभागृह_वाचक

पक्षाच्या संख्येवर वेळ मिळतो तो मोठ्या चर्चांत. उदाहरणार्थ नियम २९३ खालच्या चर्चेत छोट्या पक्षाला शेवटी काही मिनिटं. पण काही आयुधं सदस्याच्या स्वतःच्या हक्काची असतात आणि गणपतरावांचा भर त्यांवर असायचा. तारांकित प्रश्न, नियम ९४ ची अर्धा तास चर्चा, नियम १०५ ची लक्षवेधी, अर्थसंकल्पात कपात सूचना.

यांचा क्रम लावायचा असतो. आधी प्रश्न टाकून मंत्र्याकडून आकडा लेखी काढून घ्यायचा. उत्तर मोघम असेल तर त्याच उत्तरावर अर्धा तास चर्चा मागायची. मग लक्षवेधीत मंत्र्याकडून तारखेसह आश्वासन. “लवकरच” हे आश्वासन नसतं, “मार्चअखेर” हे असतं. नोंद झालेलं आश्वासन शासकीय आश्वासन समितीकडे जातं आणि पूर्ततेची मुदत ९० दिवस. मुदत टळली की पुढच्या अधिवेशनात पुन्हा तोच धागा पकडायचा. बरेच आमदार लक्षवेधी लागली, वर्तमानपत्रात नाव आलं, इथेच थांबतात. समितीपर्यंत पाठपुरावा केला तरच फाईल हलते.

आमदार निधीचं तर नावच मोठं. त्यांच्या शेवटच्या मुदतीत तो वर्षाला २ कोटी होता, आता ५ कोटी आहे. आमदार फक्त शिफारस करतो. पुढे जिल्हा नियोजन कार्यालय, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि मग निविदा. सभामंडपाची शिफारस झाली आणि जागेचा सातबारा खासगी निघाला, की काम तिथेच अडकतं आणि मार्च उलटतो. शिफारसपत्राला ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेचा उतारा आधीच जोडलेला असेल तर चार महिने वाचतात.

माणकाठ

शेवटी २०१९ चं लिहायलाच हवं. आबा उभे नव्हते, नातू अनिकेत देशमुख उमेदवार होते. पक्षानं आधी दुसरं नाव जाहीर केलं आणि ऐनवेळी बदललं, त्यात प्रचाराचे मोलाचे दिवस गेले. निकाल ७६८ मतांनी विरोधात, समोर पुन्हा शहाजीबापू, आता शिवसेनेकडून. २०१४ ला आबा त्यांच्याविरुद्ध २५ हजारांवर मतांनी जिंकले होते. म्हणजे शाखा शाबूत होत्या, मतं बहुतेक जागेवर होती, पण उमेदवार ठरवण्याची पद्धत पक्षाकडे तयार नव्हती. सगळ्यांनी मान्य करावा असा एकच माणूस होता आणि तो थांबला होता. पन्नास वर्षांच्या कामातली ही एक उणीव मला खरीच वाटते. पुढची फळी आबा उभे असतानाच पुढे आणायला हवी होती.

बेरीज_वजाबाकी

२०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शेकापकडूनच जागा परत घेतली, सुमारे २५ हजारांच्या फरकानं. पण लढत तिरंगी होती आणि तिसऱ्या उमेदवारानं ५० हजारांच्या आसपास मतं घेतली. म्हणून २०१४ आणि २०२४ चे फरक सारखे दिसले तरी त्यांची तुलना करू नये. केंद्रनिहाय आकडे, म्हणजे फॉर्म २०, काढून वाड्यांची आणि शहराची मतं वेगळी मांडली तर जुनी साखळी किती उरली आहे ते दिसेल. मतदारसंघ क्रमांक २५३, फॉर्म २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. २०१४, २०१९ आणि २०२४ तिन्ही घ्या. केंद्रांचे क्रमांक मध्ये बदललेले असतात, म्हणून क्रमांकावरून नको, केंद्राच्या नावावरून जुळवा.